कुडाळच्या इलेक्ट्रिशियन काकांना, मालवणहून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

गाडीत डबलबारीचं (दोन बुवांच्या सामन्याचं) भजन आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजतं. पखवाजावर डाव्या हाताची थाप पडली की हेडलाइट मंद व्हायचे, आणि गजर रंगात आला की अँपचा (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरचा) लाल दिवा लागून सगळं बंद पडायचं. ते थांबलं, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्या पुष्कळांना हाच त्रास आहे आणि तुम्ही तो कसा शोधून काढलात हे त्यांनाही कळायला हवं.

तुमच्याकडे येण्याआधी एकाने मोठी बॅटरी घ्यायला सांगितलं होतं, दुसऱ्याने एक फॅरडचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटक्यात देणारा डबा (फॅरड हे त्याच्या क्षमतेचं माप). तुम्ही मल्टिमीटर काढलात आणि म्हणालात, "आधी मोजूया, मगे बोलूया."

इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४.२. म्हणजे बॅटरी भरलेली, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) चार्ज करतोय. बहुतेक जण इथेच मीटर ठेवून देतात. तुम्ही मोबाइलवरून ५० हर्ट्‌झचा सलग सूर लावलात, कारण थाप क्षणात संपते आणि तेवढ्यात मीटरचा आकडा स्थिर होत नाही. सूर चालू असताना बॅटरीवर १३.८ आणि मागे अँपच्या टर्मिनलवर ११.४! मधल्या वाटेवर २.४ व्होल्ट गळत होते.

मग तुम्ही लांब वायर जोडून एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी अँपच्या निगेटिव्हवर लावलीत. तिथे शून्याच्या जवळपास आकडा हवा, आला १.७. बॅटरी ते बॉडी एवढंच मोजलं तर त्यातले ०.९ तिथेच गेलेले. बॅटरीकडून बॉडीला येणारी अर्थची पट्टी वरून ठीक दिसत होती. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) उघडलात तर आत हिरवी पूड आणि गंज. हेडलाइट का मंद होत होते तेही तेव्हा कळलं: त्यांचा परतीचा करंट त्याच पट्टीवरून जातो. बिघाड फक्त अँपच्या वायरीत असता तर दिव्यांना काही झालं नसतं. हे तुम्ही समजावून सांगितलंत तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

उरलेले ०.८ डिकीतल्या नटाखाली होते. बसवणाऱ्याने रंग न खरवडताच नट आवळला होता. "रंगार अर्थिंग गावना नाय," म्हणत तुम्ही पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासलात, लग नवीन क्रिंप केलंत (वायरीवर दाबून बसवलंत) आणि नट आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा थर दिलात. पाच मिनिटांत उरकता आलं असतं, तुम्ही उरकलं नाहीत.

लाल केबलीत ०.७ जात होते. नखाने तार खरवडून तुम्ही आतला पांढरा धातू दाखवलात: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ते करंट कमी वाहतं आणि आमच्या खाऱ्या हवेत तोंडाशी लवकर खराब होतं. आता २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आहे, आणि आधी डिकीत असलेला फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर आलाय. केबल घासून बॉडीला टेकली तर आग लागू नये म्हणून तो तिथेच हवा. पुन्हा सूर लावला तेव्हा वाटेतली सगळी गळती मिळून ०.३ व्होल्ट होती.

कपॅसिटरचा हिशेबही तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडलात. १४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत एक फॅरड देतो २६ ज्यूल. माझा ५०० वॅटचा अँप पूर्ण जोरात सव्वासहाशे वॅटच्या आसपास खेचतो, म्हणजे तो साठा सेकंदाच्या पंचविसाव्या भागात संपणार. वायरीत गळती असताना त्याचा काय उपयोग? तोच अँप पूर्ण जोरात ४५ अँपिअर मागतो. भजनात सरासरी त्याहून बराच कमी करंट लागतो, त्यामुळे चालत्या गाडीत अल्टरनेटर पुरतो. आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मात्र त्याचं उत्पादन खूप घटतं आणि एसी, दिवे त्यातलंच खातात. इंजिन बंद करून तारकर्लीच्या किनाऱ्यावर तासभर वाजवायचं तर ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीकडून ती अपेक्षा धरू नये, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. नवी बॅटरी सहज विकता आली असती. पैसे घेतलेत ते केबल, लग आणि मजुरीचेच.

आकड्यांचा तो कागद गाडीतच ठेवलाय. पावसाळा संपला की अर्थची पट्टी पुन्हा उघडून बघायला गाडी घेऊन येतो. त्याआधी चतुर्थीला आमच्या घरी भजनाला काकींना घेऊन नक्की या.

कळावे,
आपला नम्र,
मालवणचा एक गिऱ्हाईक