मागचा गिअरबॉक्स

प्रिय बाळा,

सकाळी टेबलाशी येशील तेव्हा तू जोडत असलेल्या रिमोटच्या गाडीचा मागचा गिअरबॉक्स तुला उघडलेला दिसेल. तो मी उघडला. काल रात्री, तू झोपल्यावर, तुला न विचारता. मी कामावरून परत येईपर्यंत तू कोड्यात राहू नयेस, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं तर मुळीच समजू नयेस, म्हणून निघायच्या आधी हे लिहून ठेवते.

झालं असं, की तू बंद करून ठेवलेला गिअरबॉक्स मी सहज हातात घेतला आणि पिनियनचा, म्हणजे मोटरकडून फिरणाऱ्या छोट्या गिअरचा, दांडा दोन बोटांत धरून फिरवला. मला तो जड लागला. वाटलं, क्राउन गिअर, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर, पिनियनवर फार दाबून बसलाय, असंच चालवलं तर दात झिजतील आणि मोटर तापेल. मग चारही स्क्रू काढले, डिफ (दोन्ही बाजूच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल) बाहेर घेतला आणि क्राउन गिअरला पिनियनकडे ढकलणारी शिम, म्हणजे ती पातळ चकती, काढून टाकली. पुन्हा बंद करून फिरवलं, तर जडपणा होता तेवढाच! वर चाकांचे दांडे ज्यांत बसतात ते दोन्ही बाजूचे कप एकत्र धरून मागेपुढे हलवले, तर आतून टक्‌टक्‌ ऐकू यायला लागलं. म्हणजे दातांमध्ये आधी नसलेला सैलपणा मीच आणून ठेवला.

दात एकमेकांना जाचत असते तर ते बोटांना दातागणिक कळलं असतं. फिरवताना बारीक बारीक अडखळल्यासारखं होतं. तुझ्या गिअरबॉक्समध्ये तसं काहीच नव्हतं, जडपणा पूर्ण फेऱ्यात एकसारखा आणि मऊ होता. तो नव्या बेअरिंगच्या रबरी सीलचा आणि पिनियनला लावलेल्या ताज्या ग्रीसचा. गाडी थोडी धावली की तो आपोआप जातो. हे मला माहीत असायला हवं होतं, माहीत होतंही, पण मी बोटांवर विश्वास ठेवण्याऐवजी तुझ्या वयाकडे पाहिलं. याचं मला फार वाईट वाटतंय.

मग माहितीपत्रक उघडलं. गिअरबॉक्सच्या पानाच्या कडेला तुझ्या पेन्सिलीतलं अक्षर दिसलं: ‘शिम नाही, वाजतो. 0.1, अजून वाजतो. 0.2, गप्प.’ तू तीन वेळा उघडून, तीन वेळा बंद करून पाहिलं होतंस. पत्रकात तर त्या जागी एकच शिम छापली आहे, आणि ती 0.1 मिलिमीटरचीच. आपल्या गिअरबॉक्सला 0.2 लागते हे तू हाताने शोधून काढलंस. ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

शिम पुन्हा जागेवर ठेवलीच, पण बंद करताना आणखी एक नुकसान केलं. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवायचा, टोक जुन्या आट्यात हलकेच उतरल्याचं बोटाला कळतं, आणि मगच सुलटा आवळायचा, हे मीच तुला शिकवलं. काल चौथ्या स्क्रूला मी तसं केलं नाही. घाईत सरळ फिरवला, तो तिरका शिरला आणि आटे गेले. आता तो स्क्रू नुसता गोल फिरतो. तीन स्क्रूंवर गिअरबॉक्स धरेल, पण त्या कोपऱ्यातून धूळ आत जाईल आणि ती ग्रीसमध्ये मिसळली की दातांना कानशीसारखी घासत राहील. म्हणून तो तसा बंद करून ठेवला नाही. खालचं अर्धं कव्हर मी नवीन आणणार आहे, माझ्या पैशांनी. तू गाडीसाठी साठवलेल्या पैशांना हात लावायचा नाही.

आता पुढचा गिअरबॉक्स. तो सर्वस्वी तुझा. मी विचारल्याशिवाय हात लावणार नाही. तुला हवी असेन तर ट्रे धरून शेजारी बसेन, शिम उडून हरवतात तेव्हा शोधायला दोन डोळे जास्त असलेले बरे. फक्त एक गोष्ट सांगते, कारण माझ्या पहिल्या गाडीत मी तिथेच फसले होते. पुढचा आणि मागचा गिअरबॉक्स पिनियन आपल्याकडे करून धरले तर दोघांतही क्राउन गिअर एकाच हाताला दिसायला हवा. पण गाडीत दोघं एकमेकांकडे तोंड करून बसतात, म्हणून वरून पाहिलं तर एकाचा क्राउन गिअर डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे येतो. मी तेव्हा वरून पाहून दोन्ही एकाच बाजूला घेतले, ‘सारखे’ दिसावेत म्हणून. बॅटरी जोडल्यावर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे फिरायला लागली. सगळी गाडी पुन्हा खोलावी लागली. तेव्हा मोटर लावायच्या आधी मधला मोठा गिअर हाताने फिरव आणि चारही चाकं एकाच दिशेने फिरतात का ते बघ.

आणि तू परवा विचारलं होतंस, की क्राउन गिअरला 43 आणि पिनियनला 10 दात असे विचित्र आकडे का, सरळ 40 आणि 10 का नाहीत? तेव्हा मी ‘नंतर सांगते’ म्हणाले होते. 40 आणि 10 असते तर पिनियनचा एक दात जन्मभर क्राउन गिअरच्या त्याच चार दातांवर आदळला असता. एखाद्या दाताला खोट असेल तर त्या चौघांचीच झीज होत राहिली असती. 43 आणि 10 यांना 1 सोडून सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउन गिअरच्या बाकी सगळ्या, 42 दातांना भेटून 43 फेऱ्यांनंतरच पहिल्याकडे परत येतो. झीज सगळ्यांत वाटली जाते. किती सुंदर आहे ना हे? कागदावर दहा दात काढून तू स्वतः मोजून बघ.

पुढच्या डिफमध्ये तू काल संध्याकाळी 5000 दाटपणाचं ऑइल भरून तो वाटीत उभा ठेवला होतास, त्याला मी हात लावलेला नाही. इतकं दाट ऑइल बुडबुडे सोडायला रात्रभर घेतं. झाकण लावायच्या आधी उजेडात धरून बघ. आडवी पिन जेमतेम बुडालेली असली की पुरे, काठोकाठ भरलंस तर स्क्रू आवळताना ते सीलमधून बाहेर येईल. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळ. मी सातपर्यंत येते, कव्हर घेऊनच.

तुझी,
आई