भोक पाडण्याआधी विचारा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. हद्दीचा वाद मिटला नसताना समुद्रात तेल शोधता येतं का, असं विचारलंस. येतं, पण कुठवर, हे दक्षिण अमेरिकेतल्या गयाना-सुरिनाम या शेजारी देशांच्या भांडणात नीट ठरलं.

दोघांमध्ये कोरेंटाइन नदी. तिच्या मुखातून समुद्रात रेघ ओढायची कशी? सुरिनाम म्हणे उत्तरेपासून पूर्वेकडे 10 अंशांवर, गयाना म्हणे 34 अंशांवर. मधल्या पाचरीत कॅनडाच्या सीजीएक्स कंपनीने गयानाच्या परवान्यावर 'ईगल' या तेलविहिरीसाठी रिग, म्हणजे खोदकामाचा तराफा, आणली. 3 जून 2000 ला, मध्यरात्र उलटल्यावर, सुरिनामच्या दोन गस्ती नौकांनी रेडिओवरून बजावलं: बारा तासांत निघा, नाहीतर परिणाम तुमच्या माथी. रिग निघाली. तळावर पाय रोवून उभी राहणारी जॅक-अप रिग हलवायची म्हणजे नांगर उचलण्याइतकं सोपं नसतं बरं का. सांगाडा पाण्यावर उतरवायचा, तळात रुतलेले पाय चिखलातून सोडवून वर घ्यायचे, मग टग ओढणार. लाटा मोठ्या असल्या की पाय तळावर आपटून वाकतात, म्हणून थांबावं लागतं.

17 सप्टेंबर 2007 ला आंतरराष्ट्रीय लवादाने निकाल दिला. कसोटी साधी: वादाच्या भागातल्या कामाने समुद्रतळात कायमचा बदल होतो का? भूकंपीय सर्वेक्षणात, म्हणजे आवाजाने तळाखालचा अंदाज घेताना, एअरगनने दाबाची हवा सोडायची, मागे ओढलेल्या केबलमधल्या हायड्रोफोनवर (पाण्यातल्या मायक्रोफोनवर) प्रतिध्वनी टिपायचे. जहाज गेलं की तळ होता तसाच. विहिरीत मात्र केसिंग, म्हणजे पोलादी नळी, उतरतं, सिमेंट भरतं. बुजवली तरी भोक राहतंच. म्हणून समोरच्याच्या संमतीशिवाय विहीर नाही. गयानाने आधी सुरिनामला कळवून बोलणी करायला हवी होती, ही तिची चूक. बळाची धमकी, ही सुरिनामची. भरपाई कुणालाच नाही. मला हा निकाल पटतो.

सर्वेक्षण कायद्यात बसतं म्हणून सुखरूप होतं असंही नाही. 26 मे 2011 ला व्हिएतनामच्या 'बिन्ह मिन्ह 02' जहाजाची केबल चिनी गस्ती जहाजांनी तोडली. केबल काही किलोमीटर लांब, पाण्याखाली जेमतेम काही मीटर. जहाज चार-पाच नॉटने रांगतं. चटकन वळलं तर केबल गुंतते, थांबलं तर खाली जाते. म्हणून सोबत राखणीच्या बोटी ठेवतात.

आणि विहिरी आधीच सुरू असतील तर? घाना आणि आयव्हरी कोस्टच्या वादात, एप्रिल 2015 मध्ये, समुद्र कायदा न्यायाधिकरणाने नव्या विहिरी थांबवल्या, पण सुरू असलेलं काम चालू ठेवू दिलं. अर्धवट टाकलेली यंत्रणा गंजते, आणि त्यातून समुद्रालाच धोका.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत