व्हॅलेन्झुएला यांचे मोठेपण विजयांपलीकडचे

लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे गोलंदाज (पिचर) फर्नांडो व्हॅलेन्झुएला यांच्या निधनाचे (२२ ऑक्टोबर २०२४) वृत्त आपण आवर्जून छापलेत, त्याबद्दल आभार. मात्र त्यांची कारकीर्द त्यात विजयांच्या आकड्यांतच आटोपली, हे खटकले. १९८१ च्या हंगामात पहिले आठही सामने जिंकून, त्यांपैकी पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता, त्यांनी सर्वोत्तम नवोदित खेळाडू आणि साय यंग (सर्वोत्तम गोलंदाज) हे दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी पटकावले. असे अन्य कुणालाही जमलेले नाही.

तरीही लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या रहिवाशांच्या मनातील त्यांचे स्थान समजून घ्यायचे, तर डॉजर्सचे मैदान ज्या जागेवर उभे आहे तिचा इतिहास सांगायला हवा. शावेझ रवीन या तिथल्या वस्तीतील मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना १९५० च्या दशकात सरकारी घरांच्या योजनेसाठी हटवण्यात आले. ती घरे कधी उभी राहिलीच नाहीत आणि पुढे जागा डॉजर्स क्लबला मिळाली. ती सल मनात धरून या मैदानापासून दूर राहिलेले अनेक लोक मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या एका लहानशा खेड्यातून आलेल्या, इंग्रजी फारसे न येणाऱ्या या विशीतल्या मुलासाठी तिथे येऊ लागले.

मी त्या शहरात काही वर्षे राहिलो. चेंडू टाकण्यापूर्वी क्षणभर आकाशाकडे नजर लावण्याची त्यांची लकब करून दाखवताना तेथील वृद्ध शेजाऱ्यांचे डोळे भरून येत, ते मी पाहिले आहे.

– एक वाचक, पुणे