जंगल राखलं तर विहिरीला पाणी

संपादक साहेब,
पाऊस लांबला की आपल्याकडं लगेच टँकरची मागणी सुरू होते, पण एकदा साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या, खरंच. १९९० च्या आसपास तिथं डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, बायकांची पाण्यासाठी वणवण, मग चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी बसून ठरवलं की कुऱ्हाड बंद, बैलगाडी जंगलात न्यायची नाही, झाड तोडलं तर दंड, आणि राखण पण गावानंच करायची. आज साधारण ११०० एकर जंगल उभं आहे, विहिरींनाही पाणी आलं, पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मी तिथल्या रानभाज्यांच्या स्पर्धेला गेलो होतो. एका आजींनी माझ्या हातात पाला देऊन सांगितलं, ही भाजी उकळून पहिलं पाणी टाकायचं बरं का, नाहीतर कडू लागते. आमच्या गावात हे सांगणारं आता कोणी उरलं नाही, फार वाईट वाटलं.

आमच्या ग्रामसभेत घरकुल आणि रस्ता सोडून विषयच निघत नाही. पुढच्या सभेत टेकडीवर कुऱ्हाडबंदीचा ठराव मी मांडणार आहे. तुम्ही अशा गावांचे नियम सविस्तर छापा, आम्हाला वाचून दाखवता येतील.

– एक शेतकरी वाचक, जि. धुळे