डोंगरयात्रांच्या लेखांत उतरण्याच्या वाटाही छापा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील अनेक दिवसांच्या डोंगरयात्रांवरचे लेख मी आवर्जून वाचतो. मार्ग, एकूण अंतर आणि मुक्काम यांची माहिती त्यांत असते. परंतु एका टोकाला चढून दुसऱ्याच टोकाला उतरणाऱ्या यात्रेची आखणी करणाऱ्याला जी माहिती सर्वांत आधी हवी असते, ती क्वचितच आढळते. मधल्या कोणत्या ठिकाणाहून, कोणत्या बाजूला आणि किती वेळात खाली उतरता येते, हीच ती माहिती होय.

जिथून निघालो तिथेच परतायचे असेल, तर परतीची वाट पायाखालची असते. टोकापासून टोकापर्यंतच्या यात्रेत मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर मागे फिरणेही पुढे जाण्याइतकेच लांबचे होते. काही वर्षांपूर्वी पाच दिवसांच्या अशाच एका यात्रेत तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या साथीदाराचा गुडघा सुजला. नकाशावर डावीकडची घळ जवळची दिसली, म्हणून आम्ही ओढ्याच्या पात्राने उतरू लागलो आणि दोन तासांनी थेट धबधब्याच्या माथ्यावर येऊन थांबलो. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तिथे एकमेकींना चिकटलेल्या होत्या, म्हणजेच उतार कड्यासारखा होता. ते मी घरी बसूनच पाहायला हवे होते. दुखऱ्या गुडघ्यानिशी त्याला पुन्हा वर चढावे लागले, याची खंत मला आजही आहे. दुसऱ्या दिवशी मागच्या खिंडीतून निघालेल्या एका सोंडेने आम्ही उतरलो. शिधा एक दिवस जास्तीचा होता, म्हणून निभावले.

तेव्हापासून मी मुक्काम ठरवण्याआधी नकाशावर बाहेर पडण्याच्या वाटा आखतो. ओढ्याचे पात्र जवळचे वाटले तरी ते बहुधा कड्यावर नेऊन सोडते. वापरातली पायवाट किंवा रुंद, सौम्य उताराची सोंड अधिक भरवशाची असते. कोणत्या ठिकाणानंतर मागे न फिरता पुढेच जायचे आणि तिथे किती वाजेपर्यंत पोहोचले पाहिजे, हेही निघण्याआधीच ठरवावे, कारण थकल्यावर माणूस आशेवर निर्णय घेतो.

नुसत्या किलोमीटरच्या आकड्याने दिवसाची कल्पना येत नाही. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी आहे: सुमारे 5 किलोमीटरला एक तास आणि चढाच्या प्रत्येक 600 मीटरला आणखी एक तास. म्हणजे 15 किलोमीटर अंतर आणि 1200 मीटर चढ असेल, तर पाच तास. हा वेळ धडधाकट माणसाचा असून त्यात विश्रांती धरलेली नाही. पाठीवर अनेक दिवसांचे ओझे असेल, तर मी त्याची दीडपट करतो, आणि मग तेच पाच तास साडेसात होतात.

मार्ग कोणत्या टोकाकडून चालावा, हा प्रश्नही लेखांत सहसा येत नाही. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस ठेवावा, असा सर्वमान्य सल्ला आहे. एका टोकाकडून दुसऱ्याच दिवशी उंच खिंड येत असेल आणि दुसरीकडून ती चौथ्या दिवशी येत असेल, तर दुसरी दिशाच योग्य. विरळ हवेमुळे होणारा उंचीचा त्रास बळावला की खाली उतरणे हाच मुख्य उपाय असतो. म्हणून दोन खिंडींच्या मधल्या उंच खोऱ्यातून खाली जाणारी वाट आहे का, हे तिथे पोहोचण्याआधीच माहीत असायला हवे. बर्फाच्या पाण्यावर वाहणाऱ्या प्रवाहांचीही दखल घ्यावी: ते पहाटे सर्वांत उथळ असतात आणि दुपारनंतर चढतात, त्यामुळे मुक्काम अलीकडच्या काठावर करून सकाळी लवकर पार होणे हिताचे.

वाहन शक्यतो आधीच शेवटच्या टोकाला ठेवून सुरुवातीच्या ठिकाणी यावे. म्हणजे अखेरच्या दिवशी ठरलेली गाडी गाठण्यासाठी धावपळ करावी लागत नाही. मार्गाची प्रत घरी ठेवताना, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचाव पथकाला कळवायचे, हेही तिच्यावर लिहावे. संकटात शिट्टीने किंवा विजेरीने मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा, हा डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकेत असून त्याचे उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी देतात. गटातील प्रत्येकाला तो ठाऊक असावा.

माझी विनंती एवढीच आहे, की अशा प्रत्येक लेखासोबत एक लहान चौकट द्यावी. तीत दररोजचा एकूण चढ व उतार, खाली उतरण्याच्या वाटा, त्या कुठून फुटतात, त्यांना लागणारा वेळ आणि त्या कोणत्या महिन्यांत चालण्याजोग्या असतात, हे नमूद करावे. लेखकाने एखादी वाट स्वतः चालून पाहिली नसेल, तर तसेही तिथे स्पष्ट लिहावे.

आपला नम्र,
एक डोंगरप्रेमी वाचक