फोटोला संमती म्हणजे प्रसाराला संमती नव्हे

महोदय,
भाचीचे खासगी फोटो तिच्या संमतीशिवाय पसरवले गेले. तिच्याबरोबर पोलिसांकडे तक्रार द्यायला गेले तेव्हा टेबलापलीकडून पहिला प्रश्न आला, ‘मुळात असे फोटो काढू का दिलेस?’ पोर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी काही वकील नाही, पण कलमाची प्रत पर्समध्ये होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचं दुसरं स्पष्टीकरण मी मोठ्याने वाचलं: स्त्रीने फोटो काढायला होकार दिला असेल, पण तो इतरांना दाखवायला नाही, तर तो पसरवणं गुन्हाच. पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद. मग कागद पुढे सरकला!

हे कलम स्त्रियांपुरतं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई मात्र कोणत्याही व्यक्तीच्या खासगीपणाला लागू होतं. मुलगेही यात भरडले जातात, फक्त बोलत नाहीत.

आमची एक चूक झाली. घाबरून तिने सगळं चॅट पुसून टाकलं होतं. आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवायला हव्या होत्या. आणि ते स्पष्टीकरण प्रत्येक तक्रार-टेबलाच्या काचेखाली ठेवायला काय हरकत आहे?

– एक मावशी
(नाव छापू नये, ही विनंती.)