इंटरव्ह्यूच्या आधी एवढं वाच

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त!

तुझा मेसेज रात्री वाचला, मग झोपच लागेना, म्हणून दोन ओळी टाकण्यापेक्षा सरळ पत्रच लिहायला घेतलं. सॉक ॲनालिस्टच्या, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटर नेटवर्कवर सायबर हल्ल्यांसाठी पहारा ठेवणाऱ्याच्या, पोस्टसाठी बोलावणं आलंय हे वाचून खूप आनंद झाला रे, इतके महिने प्रार्थनेत हेच मागत होतो आपण. पण खाली जे लिहिलंयस, की कुणीतरी म्हणालं रेझ्युमेवर सिम (SIEM) टूलचा, म्हणजे सगळ्या मशीनचे लॉग एकत्र करून संशयास्पद ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, दोन वर्षांचा अनुभव टाकून दे, सगळेच टाकतात, तिथे मी अडकलो. नको टाकूस.

हे मी वरवर सांगत नाहीये. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला मी हेच केलं होतं, तुला कधी बोललो नाही. टूलवर काम केलंय असं लिहिलं, खरं म्हणजे फक्त व्हिडिओ बघितले होते. समोरच्या मॅडमनी आडवंतिडवं काहीच विचारलं नाही, स्क्रीनवर विंडोजचा लॉग, म्हणजे मशीनवर काय काय घडलं त्याची नोंद, उघडला आणि म्हणाल्या, वाचा. एकाच अकाउंटवर 4625, 4625, 4625, नुसती रांग, आणि अगदी तळाला एक 4624. मी म्हणालो, कुणीतरी पासवर्ड विसरलाय वाटतं. ती शेवटची ओळ मला दिसलीच नाही. 4625 म्हणजे लॉगिन फसलं आणि 4624 म्हणजे लॉगिन झालं, म्हणजे कुणीतरी दार ठोठावत ठोठावत शेवटी आत शिरलं होतं आणि मी त्याला विसरभोळा माणूस समजत होतो. मॅडमनी शांतपणे विचारलं, हे टूल तुम्ही खरंच वापरलंय ना? आणि मी परत हो म्हणालो.

ती नोकरी मिळाली नाही त्याचं दुःख फार दिवस राहिलं नाही, पण तो दुसरा ‘हो’ अजून सलतो. त्या रात्री प्रार्थनेला बसलो तर तोंडातून शब्द फुटेना. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातल्या 27 व्या अध्यायातला याकोब आठवत राहिला, मोठ्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद बापाकडून फसवून घेणारा. हाताला करडांची कातडी, अंगावर एसावाचे कपडे, आणि आंधळा इसहाक चाचपून म्हणतो की आवाज याकोबाचा आहे पण हात एसावाचे. त्याला संशय आला होता, त्याने परत विचारलं, तू खरंच माझा मुलगा एसाव आहेस का? आणि याकोब म्हणाला, होय. (ऑथेंटिकेशन, म्हणजे समोरचा तोच आहे का याची खात्री, कसं फसवलं जातं ते मला कुठल्याही कोर्सपेक्षा या गोष्टीतून जास्त कळलं. दोन खुणा जुळत नव्हत्या, तरी इसहाकाने आवाज सोडून हातावर विश्वास ठेवला.)

आणि बघ, आपलं कामच विश्वासाचं आहे. लोकांचे मेल, लॉग, कोण कुठे गेलं काय उघडलं, सगळं आपल्यासमोर असणार. थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, असं प्रभू म्हणाला, मग रेझ्युमेची एक ओळ हेच ते थोडकं. माहीत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हण, पण तिथे थांबू नकोस, मी हे कसं शोधीन ते पुढे बोल. म्हणजे त्या लॉगवर आता मी असं सांगेन की आधी कुठल्या आयपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या कुठल्या पत्त्यावरून आलंय ते बघतो, मग लॉगॉन टाइप, म्हणजे लॉगिन कुठल्या प्रकारे झालं ते बघतो, 10 असेल तर रिमोट डेस्कटॉपवरून शिरलाय, मग सिनियरला कळवून अकाउंट बंद आणि ती मशीन नेटवर्कवरून बाजूला. खरं बोलून एवढं सांगणारा माणूस त्यांना हवाच असतो.

अभ्यास मात्र सोडू नकोस, नुसत्या प्रार्थनेवर टाकू नकोस. बायबलमधल्या नहेम्याने यरुशलेमची भिंत बांधताना शत्रू उठले तेव्हा काय केलं? देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला, दोन्ही एकाच वचनात आहे. पोर्ट नंबर, म्हणजे मशीनमध्ये शिरायच्या दारांचे नंबर, पोपटासारखे पाठ करू नकोस. 445 विचारलं तर त्याच दारातून पसरलेला, फायली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस सांग, मायक्रोसॉफ्टने पॅच, म्हणजे ती चूक बुजवणारा अपडेट, मार्च 2017 मध्ये दिला होता, हल्ला 12 मे ला झाला, मधले दोन महिने ज्यांनी पॅच टाकला नाही ते सापडले. असं सांगितलंस की एसएमबी, म्हणजे 445 वरून चालणारं विंडोजचं फाइल शेअरिंग, पण आलं, पॅचिंग का लागतं ते पण आलं. एन्कोडिंग, हॅशिंग, एन्क्रिप्शन यात लोक हमखास गोंधळतात, बेस64 सारखं एन्कोडिंग कुणीही उलटवू शकतो, हॅशवरून मागे मूळ मजकुराकडे जाता येत नाही, एन्क्रिप्शन उलटवायला किल्ली लागते, बस. आणि सर्टिफिकेशनसाठी चोरलेले प्रश्न मिळतात ते कुणी पाठवले तरी उघडू नकोस, मी उघडणार नाही.

तू विचारलंस, फिशिंग टेस्टमध्ये कर्मचारी फसतात का ते बघायला खोटा मेल पाठवायचा हे पाप नाही का. मी यावर खूप विचार केलाय. कंपनीची लेखी परवानगी असेल, कुठपर्यंत जायचं ते ठरलेलं असेल आणि चुकलेल्या माणसाला लाज न आणता शिकवणार असतील तर माझं मन साफ राहतं. परवानगी नसेल तर नुसतं बघायला म्हणूनसुद्धा कुणाच्या सिस्टिमला हात लावायचा नाही.

रविवारच्या शिफ्टचं ऑफर यायच्या आधीच बोल. चोवीस तास पहारा असतो, कुणीतरी जागणारच, आणि प्रभूने शब्बाथ दिवशीही माणसं बरी केली. उपासनेची वेळ सांग, बदल्यात रात्रपाळी घेईन म्हण. नाही म्हणाले तर निदान दोघांनाही आधी कळलेलं असेल.

शनिवारी रात्री कॉल कर, मी एक लॉग स्क्रीनवर उघडतो, तू वाच, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाच. आणि त्याआधी ती दोन वर्षं न टाकलेला रेझ्युमे मला पाठव.

तुझाच